आंबटगोडाचें प्रमाण
(नभोवाणीवरील भाषण)

आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांच्या भुंवया वर जातील, याची मला जाणीव आहे. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत ‘पिस्को सावर’ या नांवाचें एक आंबटगोड पेय फार लोकप्रिय आहे; तें घरीं कसें करावें, हें मी आज सांगणार आहें. पेय मादक आहे, आणि ही गोष्ट मी भाषणाच्या ओघांत कोठेंहि झांकून ठेवणार नाहीं. परंतु ज्या घरांत असलें पेय कधींच शिरणार नाहीं त्या घरांतील मंडळींनींहि हें भाषण ऐकावें, अशी माझी विनंति आहे. या पेयाची सारी किमया प्रमाणांत आहे, आणि प्रमाणाची विद्या ही मूळची आपल्या स्वयंपाकघराची विद्या होय.

हा विषय मला सुचला तो छत्रपती संभाजीनगराजवळच्या बजाजनगरांत. वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या पाठोपाठ इतर कारखाने आले, आणि त्यांच्या आसऱ्यानें बजाजनगर ही कामगारांची, तंत्रज्ञांची व अभियंत्यांची वस्ती वाढत गेली. तेथें माझी थोरली बहीण आपल्या मुलाकडे राहते. या भाच्याच्या एका मित्रानें कामानिमित्त पेरूची राजधानी लिमा येथें जाऊन येतांना पिस्कोची एक बाटली आणली होती. एका शनिवारीं संध्याकाळीं चार मित्र जमले, आणि आमच्या भाच्यानें पाककौशल्य दाखविण्याचें ठरविलें. त्यानें मद्य अंदाजानें ओतलें, लिंबें अंदाजानें पिळलीं, वर कोरडी साखर व अंड्यांतील पांढरें घातलें, आणि बर्फ टाकून चमच्यानें ढवळलें. परिणाम काय झाला असेल याची कल्पना आपण करूं शकतां. साखर तळाशीं बसली, अंड्याचे तंतू वर तरंगूं लागले, पहिला घोट दांत आंबवणारा आणि शेवटचा घोट पाकासारखा. चौथ्या मित्राला अकराच्या रात्रपाळीला जावयाचें होतें, म्हणून त्यानें पेला नाकारला. त्याच्यापुढें साध्या पाण्याचा ग्लास आला, आणि तो बिचारा एका बाजूस बसून राहिला.

इतक्यांत ताई आंतून आली. तिनें जन्मांत मद्याला स्पर्श केलेला नाहीं. तिनें पेल्याच्या तळाकडे पाहिलें आणि म्हणाली, “अरे, साखर खालीं बसली आहे कीं! सरबत असें करतात का? आधीं साखर विरघळवायची, मग लिंबू, आणि बर्फ सगळ्यांत शेवटीं. आणि ह्याला नुसतें पाणी कां? त्यानें काय पाप केलें?”

ताईच्या या दोन प्रश्नांतच आजचें भाषण सामावलेलें आहे. पहिला प्रश्न पेयाच्या प्रमाणाचा, आणि दुसरा पाहुणचाराच्या प्रमाणाचा.

ताईनें त्या परदेशी पेयाला ‘सरबत’ म्हटलें, याचें मुलांना हसूं आलें. परंतु इतिहास पाहतां ती फारशी चुकली नव्हती. ‘सावर’ म्हणजे आंबट. मद्य, आंबट रस आणि साखर यांच्या संयोगानें होणाऱ्या पेयांचें हें एक मोठें कुटुंब आहे, आणि त्या कुटुंबाचा मूळ पुरुष आपल्याच देशांत इंग्रज व्यापाऱ्यांच्या वखारींत वाढला. त्याचें नांव ‘पंच’. हिंदुस्थानांतील एका इंग्रज व्यापाऱ्याच्या १६३२ सालच्या पत्रांत हा शब्द आढळतो. पुढें जॉन फ्रायर नांवाचा एक इंग्रज वैद्य १६७३ च्या सुमारास आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आला. त्याचें प्रवासवर्णन १६९८ मध्यें प्रसिद्ध झालें; त्यांत गोव्याकडील माडीपासून काढलेल्या मद्याची तारीफ करून तो सांगतो कीं, या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून ‘पंच’ करतात, आणि पांच पदार्थ पडतात म्हणून त्याला देशी भाषेंतील पांच या अंकाचें नांव मिळालें आहे. हें पेय माणसाची शक्ति हरण करतें, असा शेराहि त्या वैद्यानें जातां जातां मारून ठेवला आहे. कांहीं पंडित हा शब्द पिंपाच्या एका इंग्रजी नांवावरून आला असें मानतात. परंतु शब्दाचें कुळ कोणतेंहि असो, पदार्थांचा हिशेब पक्का आहे : मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला.

हे पांच पदार्थ एका मोठ्या वाडग्यांत कालवून मंडळींनीं वाटून घ्यावयाचे, ही रीत जहाजांबरोबर इंग्लंडांत व तेथून अमेरिकेंत गेली. एकोणिसाव्या शतकांत तेथें बर्फ सुलभ झाला; वाडग्याच्या जागीं एकट्या माणसाचा पेला आला, पाण्याचें काम वितळणारा बर्फ करूं लागला, आणि या आटोपशीर पंचाला ‘सावर’ म्हणूं लागले. न्यूयॉर्कच्या जेरी टॉमस यानें १८६२ मध्यें छापलेल्या पेयांच्या पुस्तकांत ‘सावर’ हा स्वतंत्र वर्ग दिसतो. व्हिक्टर मॉरिस नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९१६ मध्यें लिमा शहरीं एक पानगृह उघडलें, आणि तेथें या पेयांत स्थानिक ‘पिस्को’ पडून तें नांवारूपास आलें. पिस्को, लिंबू, साखर आणि अंड्यांतील पांढरें यांचें मिश्रण १९०३ सालीं लिमांत छापलेल्या एका पाकपुस्तकांतहि आहे. तेव्हां मॉरिसनें शून्यांतून सृष्टि निर्माण केली असें नव्हे. त्याच्याच हाताखालच्या मारिओ ब्रुइगेट या पेरूव्ही कारागिरानें फेस व कडू अर्काचे थेंब यांची जोड देऊन आजचें रूप पक्कें केलें, असें सांगतात. पेरू सरकारनें २००७ सालीं या पेयाला राष्ट्रीय वारशाचा मान दिला.

पिस्को म्हणजे द्राक्षांच्या मद्यापासून ऊर्ध्वपातनानें काढलेलें, पाण्यासारखें स्वच्छ तीव्र मद्य. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं पेरूंत द्राक्षवेल नेला. पिस्को हें तेथील बंदराचें नांव, आणि मूळ केचुआ भाषेंत त्या शब्दाचा अर्थ पक्षी. पेरूचा नियम असा कीं, या मद्यांत पाणी मिसळावयाचें नाहीं, आणि तें लांकडी पिंपांत न ठेवतां चव न देणाऱ्या भांड्यांत निदान तीन महिने विसावूं द्यावयाचें. शेजारच्या चिली देशांतहि पिस्को होतो. तेथें लांकडी पिंप चालतें आणि पाणीहि चालतें. हें नांव कोणाचें, याविषयीं या दोन शेजाऱ्यांचें जुनें भांडण आहे, आणि तें भांडण आपल्या न्यायालयांतहि येऊन पोहोंचलें : भौगोलिक नाममुद्रेच्या वादांत दिल्ली उच्च न्यायालयानें २०२५ मध्यें असा निकाल दिला कीं, पेरूची नोंद ‘पेरूव्ही पिस्को’ अशी असावी, म्हणजे चिलीच्या हक्कालाहि जागा राहील.

आपल्या संभाजीनगरच्या परिसराला द्राक्षें कांहीं नवीं नाहींत. चौदाव्या शतकांत इब्न बतूता हा प्रवासी देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस आला होता. तेथें द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात असें त्यानें नमूद केलें आहे. आज जालना जिल्ह्यांतील कडवंचीसारखीं गांवें शेततळ्यांच्या पाण्यावर द्राक्षांचे मळे उभे करून आहेत. आणि लिंबाविषयीं तर विचारूंच नये. पेरूंत या पेयासाठीं जें लिंबू वापरतात, तेंच आपलें कागदी लिंबू. तें मूळचें आशियांतलें. अरबांनीं तें पश्चिमेस नेलें आणि स्पॅनिश लोकांनीं महासागरापलीकडे लावलें. त्याला तिकडे ‘सुतिल’ म्हणजे नाजूक, सूक्ष्म असें विशेषण आहे, आणि आपण त्याच्या पातळ सालीकडे पाहून ‘कागदी’ म्हणतों. दोन खंडांतल्या बायकांनीं एकाच फळाच्या अंगीं एकच गुण पाहिला, ही मोठी मौजेची गोष्ट नव्हे काय?

आतां कृतीकडे वळूं.

एका पेल्यास साहित्य असें : पिस्को ६० मिलिलिटर, ताज्या कागदी लिंबाचा रस २० मिलिलिटर, साखरेचा पातळ पाक २० मिलिलिटर, अंड्यांतील पांढरें १५ मिलिलिटर म्हणजे सुमारें अर्ध्या अंड्याचें, भरपूर बर्फ, आणि शेवटीं कडू अर्काचे दोन-तीन थेंब. तीन भाग मद्य, एक भाग आंबट, एक भाग गोड, हें सूत्र लक्षांत ठेवावें. मोजण्यासाठीं विलायती उपकरणाची गरज नाहीं. मुलांच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणारें, खुणा असलेलें प्लॅस्टिकचें टोपण स्वच्छ धुऊन घ्यावें, काम उत्तम होतें. माझ्या भाच्याचा पहिला अपराध हाच कीं, त्यानें डोळ्यांवर विश्वास ठेवला. अर्ध्या लिंबाचा रस कमीजास्त झाला तर कढींत खपतो. तीन-चार घोटांच्या पेयांत तो खपत नाहीं.

पाक करण्यासाठीं एक वाटी साखर व एक वाटी पाणी मंद आंचेवर ठेवावें, साखर विरघळतांच उतरवावें आणि पूर्ण थंड होऊं द्यावें. एकतारी, दोनतारी यांच्या भानगडींत पडूं नये. कोरडी साखर थंड पाण्यांत सावकाश विरघळते आणि मद्यांत तर फारच थोडी विरघळते. तळाशीं बसलेल्या साखरेचें रहस्य एवढेंच. पाकाची बाटली शीतकपाटांत आठवडाभर टिकते, आणि तीच पाहुण्यांच्या सरबतालाहि उपयोगीं पडते.

लिंबें पातळ सालीचीं, जड हाताचीं घ्यावीं. एका पेल्यास साधारणतः दोन पुरतात. तीं ओट्यावर तळहातानें हलकेंच लाटून मग कापावीं, आणि पिळतांना शेवटच्या थेंबासाठीं सालीचा जीव घेऊं नये. सालींतील तेल व पांढऱ्या गराचा कडवटपणा रसांत उतरतो. रस त्याच वेळीं काढलेला असावा. सकाळीं पिळून ठेवलेला रस संध्याकाळीं आंबट राहतो, परंतु त्याचा सुगंध निघून गेलेला असतो.

अंड्याच्या बाबतींत दोन गोष्टींची काळजी हवी. पांढऱ्यांत पिवळ्या बलकाचा थेंबहि जातां कामा नये, कारण बलकांतील स्निग्धांश फेसाचा वैरी आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हें अंडें कच्चेंच पोटांत जावयाचें असतें. कच्च्या अंड्यांतून साल्मोनेला जातीचे जंतु पोटांत जाऊं शकतात, आणि लिंबाच्या किंवा मद्याच्या थोडक्या सहवासानें ते मरतात असें समजूं नये. अंडें ताजें, न तडकलेलें व शीतकपाटांतलें असावें. वृद्धांनीं व दुर्बल प्रकृतीच्या माणसांनीं तें वर्ज्य करावें. गर्भवती स्त्रियांनीं तर अंडेंहि घेऊं नये आणि मद्यहि.

ज्यांना अंडें चालत नाहीं त्यांच्यासाठीं एक सोय आहे, आणि ती ऐकून ताईला फार आनंद झाला. काबुली चणे रात्रभर भिजवून, मीठ न घालतां शिजवावे. त्यांचें पाणी गाळून, आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतकें दाट झालें कीं थंड करावें. हें पाणी घुसळल्यास अंड्यासारखाच फेस देतें. फ्रान्समधील एका गायकानें २०१४ मध्यें ही गोष्ट जगापुढें मांडली तेव्हां मोठें नवल झालें. पुरणासाठीं हरभऱ्याची डाळ शिजत असतां भांड्यावर येणारा पांढरा फेस पळीनें काढून टाकणाऱ्या आपल्या गृहिणींना मात्र त्याचें मूळ रूप शतकानुशतकें ठाऊक होतें. पेल्यास २५ मिलिलिटर पाणी घ्यावें.

आतां मिश्रण. फिरकीच्या घट्ट झांकणाची कांचेची बरणी घ्यावी. तिला तडा नसावा. तींत मद्य, रस, पाक व पांढरें घालून, बर्फ न घालतां, झांकण हातानें दाबून धरून वीस सेकंद जोरानें हलवावें. ही पहिली घुसळण. नंतर बरणी बर्फानें अर्धी भरावी आणि आणखी पंधरा सेकंद, बाहेरून कांचेवर दंव जमेपर्यंत, हलवावी. ही दुसरी घुसळण. मग गाळणींतून थंड केलेल्या पेल्यांत ओतावें. मिनिटभरांत फेस वर येऊन दोन बोटें जाडीची पांढरीशुभ्र साय धरतो. तिच्यावर कडू अर्काचे थेंब टाकावे. हा अर्क मूळचा व्हेनेझुएलांतील अंगोस्तुरा गांवीं डॉक्टर सीगर्ट यांनीं १८२४ मध्यें तयार केलेला. तो न मिळाल्यास जायफळ किंचित् उगाळून अथवा दालचिनीची चिमूटभर पूड भुरभुरावी. पंचाचा पांचवा पदार्थ मसालाच होता, हें आपण विसरलों नाहींत.

दोनदां कां घुसळावें, असें कोणी विचारील. अंड्याच्या पांढऱ्यांतील प्रथिनांचे धागे गुंडाळलेले असतात. जोरानें हलविल्यानें ते उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोंवतीं पातळ पडदा विणतात. लिंबाचें आम्ल या धाग्यांमधील परस्परांना दूर लोटण्याची शक्ति कमी करतें, त्यामुळें ते एकमेकांस घट्ट बिलगतात आणि फेस टिकतो. थंडींत हें उलगडण्याचें काम मंदावतें, म्हणून पहिली घुसळण बर्फावांचून. दुसरीचें काम निराळें : ती पेय थंड करते आणि त्यांत पाणी मिसळते. हलविल्यावर बर्फ वितळून पेयाच्या सुमारें पाव भागाइतकें पाणी त्यांत उतरतें. हें पाणी म्हणजे नुकसान नव्हे; तेंच पंचाचें चौथें द्रव्य. त्यावांचून आंबट व तिखट हे दोन्ही रस जिभेवर अंगावर आल्यासारखे येतात.

म्हणून पाण्याची निवड मद्याच्या निवडीइतकीच जबाबदारीची आहे. वाळूजच्या वसाहतींत जायकवाडीचें पाणी येतें, आणि त्याची किंमत मराठवाड्याला सांगावयास नको; २०१६ च्या दुष्काळांत येथील दारूच्या कारखान्यांचें साठ टक्के पाणी कापण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास द्यावा लागला होता. घरचा बर्फ उकळून निवविलेल्या किंवा नीट शुद्ध केलेल्या पाण्याचाच करावा. बाहेरून आणावयाचा तर तो खाद्य बर्फ आहे याची खात्री करावी. महाराष्ट्रांत २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम आहे तो याचसाठीं. मद्यांत पडला म्हणून घाणेरडा बर्फ शुद्ध होत नाहीं. कावीळ व विषमज्वर यांना पाहुणचार कळत नाहीं.

पेय बिघडल्यास दुरुस्तीहि सोपी आहे. दांत आंबले तर पाक पांच मिलिलिटर वाढवावा. मिट्ट गोड झालें तर रस तितकाच वाढवावा. फेस विरळ आला तर पहिली घुसळण कमी पडली असें समजावें. अंड्याचा वास आला तर अंडें शिळें, किंवा पांढऱ्याचें प्रमाण अधिक.

पिस्को आपल्या गांवच्या दुकानांत सहसा मिळत नाहीं. त्याऐवजीं द्राक्षांची ब्रँडी घेतां येते. मात्र बाटलीवरील मजकूर वाचावा, कारण आपल्याकडील पुष्कळशी ब्रँडी उंसाच्या मळीच्या मद्यार्कापासून केलेली असते आणि तिचा रंग-गंध वरून दिलेला असतो. पांढरी रमहि चालते. पदार्थ बदलला म्हणजे नांव बदलतें, चवहि बदलते. तीन, एक, एक हें सूत्र तेवढें कायम राहतें.

येथपर्यंत ताईच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर झालें. आतां दुसरा प्रश्न. रात्रपाळीला जाणाऱ्या त्या मुलाला नुसतें पाणी कां?

त्याचा नकार किती शहाणपणाचा होता, हें थोड्या हिशेबानें ध्यानांत येईल. साठ मिलिलिटर मद्यांत शेंकडा चाळीस मद्यार्क धरला, तर एका पेल्यांत सुमारें १९ ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषानें असा एक पेला रिकाम्या पोटीं घेतला, तर त्याच्या शंभर मिलिलिटर रक्तांत चाळीस मिलिग्रॅमच्या आसपास मद्यार्क येऊं शकतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. म्हणजे एकाच पेल्यानें दुचाकी चालविण्याचा अधिकार संपतो. वजन कमी असेल तर हें प्रमाण आणखी चढतें. शरीर तें आपल्या ठरलेल्या मंद गतीनेंच, तासागणिक थोडें थोडें, उतरवतें. काळी कॉफी किंवा थंड पाण्याचें स्नान ती गति वाढवूं शकत नाहीं. आणि बजाजनगरांतला माणूस नुसता दुचाकीच चालवीत नाहीं. तो दाबयंत्रापुढें उभा राहतो, जेथें क्षणाची चूक बोटें घेऊन जाते.

या पेयाचा खरा धोका त्याच्या गुणांतच आहे. प्रमाण उत्तम साधलें म्हणजे लिंबू आणि साखर मिळून मद्याचा दाह इतका झांकून टाकतात, कीं आपण सरबत पीत आहों असें वाटतें. पहिला पेला तहानेनें संपतो आणि दुसरा सवयीनें. म्हणून हातचलाखी जितकी चांगली, तितकी यजमानाची जबाबदारी मोठी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्टच सांगितलें कीं, मद्याचें अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असें म्हणतां येत नाहीं. ज्यांना घ्यावयाचेंच आहे त्यांनीं तें जेवणाबरोबर, एकच, आणि घरीं जाण्याची सोय आधीं करून घ्यावें.

कायद्याचेंहि भान हवें. महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, तीव्र मद्यासाठीं वयाचीं पंचवीस वर्षें पुरीं झालेलीं असावीं लागतात, आणि वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत तर बंदीच आहे. घरीं मिश्रण करणें निराळें आणि घरीं मद्य गाळणें निराळें. दुसरा गुन्हा आहे, आणि प्राणघातकहि आहे. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्या विषाचें नांव मिथेनॉल. तें चवीनें ओळखूं येत नाहीं, आणि कोणत्याहि लिंबानें उतरत नाहीं. सीलबंद, पावतीसह घेतलेल्या बाटलीखेरीज दुसरी बाटली घरांत आणूं नये.

असो. त्या संध्याकाळीं पुढें काय झालें तें सांगून आटोपतें घेतों. ताईनें पदर खोंचला, शीतकपाटांतून हिरवीं द्राक्षें काढलीं, तीं वाटून गाळलीं, आणि त्यांचा ६० मिलिलिटर रस भाच्याकडून औषधाच्या टोपणानें मोजवून घेतला. त्यांत २० मिलिलिटर लिंबाचा रस घातला. द्राक्षें गोड होतीं म्हणून पाक मात्र दहाच मिलिलिटर. मद्याच्या तिखटपणाची उणीव भरून काढण्यासाठीं अर्धा चमचा आल्याचा रस, आणि चिमूटभर सैंधव. दैवयोगानें सकाळच्या छोल्यांचें पाणी शिल्लक होतें. तिनें भाजीसाठीं तें मीठ न घालतां आटवून ठेवलें होतें. भाच्यानें बरणी दोनदां घुसळली. पेला भरला, वर तोच पांढरा शुभ्र फेस, तीच जायफळाची तांबूस रेघ. रात्रपाळीच्या पाहुण्यानें एक घोट घेतला, आणि बाकीचे तिघे आपापले पेले खालीं ठेवून त्याच्या पेल्याकडे पाहूं लागले. साडेदहाला तो समाधानानें उठला, ताईला नमस्कार करून कामावर गेला. उरलेल्या द्राक्षांचे आणखी तीन पेले झाले, हें निराळें सांगावयास नकोच.

श्रोतेहो, यजमानपणाची कसोटी मद्याच्या बाटलीच्या किंमतीवर लागत नाहीं. न पिणाऱ्या पाहुण्याच्या पुढें काय येतें, यावर ती लागते. त्याचा पेलाहि मोजून, गाळून, थंड करून, वर फेस आणून त्याच्या हातीं दिला, म्हणजे नकार देण्यांत त्याला संकोच वाटत नाहीं, आणि घेणाऱ्यावरहि आणखी एकाचा आग्रह होत नाहीं. साडेतीनशें वर्षांपूर्वीं आपल्या किनाऱ्यावर पाहिलेल्या पेयांत फ्रायरनें पांच पदार्थ मोजले होते. सहावा मोजावयाचा राहून गेला होता; तो यजमानाचा विवेक. तो घालतांना मात्र टोपणानें मोजूं नये.